शकू आता घुटी उगाळत नाही

कोपर गावाच्या बाजूची जी मुलं आज तिशीत आहेत, त्यांतली कितीतरी शकूच्या नडग्यांवर न्हाऊन मोठी झाली. माझा सर्वेशही. शकू इथल्याच गावातली, आगरी. तिच्या सासऱ्यांच्या मिठागराच्या बाजूला टोलेजंग इमारती आल्या, शकूच्या घराचेही चार मजले झाले. आता तिला काम करायची गरज नाही. मुलगा विकी चिडतो, "आये, लोक हसतात मना." ती म्हणते, "हसू दे. माझे हात घरी बसत नाय." आणि सकाळी सातला कोणाच्या तरी बाळाला तेल लावत असते.

माझ्या सुनेला, समीक्षाला, आई नाही. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते आमच्याकडे झालं, आणि मी शकूलाच बोलावलं.

दीड महिन्याच्या लशीला गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नातवाचं वजन केलं आणि काटा पुन्हा एकदा पाहिला. "म्हणावं तसं वाढलं नाहीये. वरचं काही देता? पाणी, मध, घुटी?"

"नाही, फक्त अंगावरचं," समीक्षा म्हणाली.

मी शेजारीच बसले होते, मांडीवर दुपट्यांची पिशवी घेऊन. काही बोलले नाही.

"आठ दिवसांनी परत या. तरीही नाही वाढलं, तर पावडरच्या दुधाचं बघावं लागेल."

रिक्षात समीक्षा रडायला लागली. "आई, मला दूधच पुरेसं येत नाही हो." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हाही बोलले नाही.

बाराव्या दिवसापासून मी बाळाला घुटी देत होते. रात्रभर जागून समीक्षा पहाटे झोपायची, तेव्हा पूजा आटपून, देवाचं नाव घेत मी वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग उगाळायची आणि बोंडलं भरून पाजायची. तो संध्याकाळी फार रडायचा, म्हणून सहाणेवर जायफळाचे दोन वेढे जास्त. मध्येच कुरकुरला, की साखरपाणी. येणाऱ्या बायका म्हणायच्या, किती शांत बाळ! मला बरं वाटायचं. रोजच्या वहीत मी देवाच्या नैवेद्यापासून सगळं लिहिते, घुटीचं तेवढं लिहीत नव्हते. म्हणजे मनात कुठेतरी मला ठाऊक होतं.

आणि दवाखान्यातून आल्यावर मी काय केलं? वजन वाढावं म्हणून घुटीत बदाम आणि खारीक वाढवली. डॉक्टर असंच सांगतात, आमची मुलं नाही का वाढली, असं स्वतःला बजावलं. समीक्षाला मात्र दूध यावं म्हणून दोन वेळा अळिवाची खीर खायला लावली.

तिसऱ्या दिवशी शकू बाळाला न्हाऊ घालत होती. डोक्यावर पाणी पडलं की त्याने आकांत करायला हवा. तो नुसता कुंथला. शकूचा हात थांबला. तिने वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"जायफल," ती म्हणाली. "कोण देतंय, वहिनी?"

"हळू बोल, ती जागी आहे."

"कोण देतंय गो?"

"तूच शिकवलंस मला!" मीही चिडले. "सर्वेशच्या वेळी कशाचे किती वेढे, ते तूच दाखवलंस की नाही?"

"दाखवलं. करिश्माचे पोरीला पण मीच दिली." करिश्मा तिची लेक. शकूने बाळाला पंच्यात गुंडाळून छातीशी धरलं. "एकोणीस दिवसांची होती. हगवण लागली, डोक्यातली शीर शोधून सलाईन लावलं. नर्सनं इचारलं, पोटात काय घातलं? करिश्मानं माझेकडे बोट दाखवलं. पोरगी वाचली. पण वरीसभर तिनं मना नातीला हात लावू दिला नाय. अख्खा गाव माझे पायावर न्हाला, न् मना माझी नात नाय."

तिची नात आजारी होती, एवढंच मला ठाऊक होतं. कशाने, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

"यो गुंगीत झोपतो, त्याला तुमी शांत म्हणता. पोट पाण्यानं भरलेलं. मंग पील कसा? नाय पीला त दूध उतरल कसं? न् ती पोरगी आत रडते, मना दूध नाय म्हणून." तिने बाळ माझ्या हातात दिलं. "आज तिला सांग. नाय सांगितलंस त मी सांगीन, न् उद्यापासून दुसरी बाई बघ."

बाळाला मांडीवर घेऊन देवापुढे बसले, पण जप पहिल्या मण्याच्या पुढे जाईना. उठले, आत गेले आणि सगळं सांगितलं.

समीक्षा उठून बसली. मग म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी होतात ना, आई?"

"हो."

तिने बाळ घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

पुढचे दोन दिवस कसोटीचे गेले. शांत बाळाने घर डोक्यावर घेतलं. दर तासाला पाजूनही रडायचा. सर्वेश म्हणाला, "आजच्यापुरती पावडर आणतो ना!" "नको," समीक्षा म्हणाली. माझ्याशी तर ती कामापुरतंच बोलायची. शकू न बोलावता दुपारीही यायला लागली. दाराआडून मला तिचा आवाज ऐकू यायचा, "परत लाव. लाव गो. तो मागील, तसं येल." मी बाहेर बाजरीच्या भाकऱ्या थापत बसायची. आत जायची हिंमत नव्हती.

आठव्या दिवशी काट्यावर बाळ ठेवलं, तेव्हा आम्ही दोघींनी श्वास रोखला होता. अडीचशे ग्रॅम वाढलं होतं. "छान! आता सहा महिने हेच. वरचं थेंबभर पाणीसुद्धा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. समीक्षा त्यांच्याकडे बघून हसली. माझ्याकडे नाही.

घरी आल्याबरोबर मी शकूला फोन केला. "अडीचशे ग्रॅम वाढला गं!"

"मना काय सांगतेस? तिला सांगितलंस काय, दूध तुना पहिल्यापासून होतं म्हणून? इतके दिवस ती सोताला नावं ठेवीत होती."

नव्हतं सांगितलं. चूक कबूल केली होती, माफी मागितली होती. एवढं एक वाक्य राहूनच गेलं होतं.

खोलीत गेले. समीक्षा पाजत होती.

"तुला दूध कमी नव्हतं गं. कधीच नव्हतं. मीच त्याला पिऊ दिलं नाही."

तिने वर पाहिलं नाही. बाळाच्या घोटण्याचा आवाज तेवढा येत होता. थोड्या वेळाने म्हणाली, "पाणी आणता का, आई? पाजताना घसा कोरडा पडतो."

मी तांब्या भरून आणला आणि तिचं पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिले.