इंदाक्का आणि खोडलेली ओळ

जखमी माणसाचा सदरा कापताना इंदाक्का फाटलेल्या जागेतून कात्री कधीच नेत नसत. आम्ही बाकीच्या नर्सेस सोपं पडतं म्हणून भोकातच कात्री घालायचो. त्या चार बोटं लांबून वळसा घालून कापायच्या आणि आमच्यावर ओरडायच्या, "ते भोक साक्षीदार हाय गं! त्याच्या तोंडात कात्री घालतीस व्हय?" मग तो कपडा कुणाचा हात लागणार नाही अशा कोपऱ्यात वाळवायचा, खाकी कागदी पिशवीत घालायचा आणि पिशवी चिकटवून वर सही करायची. प्लॅस्टिकची पिशवी दिसली की त्यांचं डोकं फिरे. "ओलं कापड त्यात कुजतंय. कोर्टात काय, बुरशी दाखवणार?"

निपाणीजवळ हायवेलगतच्या एका खाजगी दवाखान्यात, अपघात विभागात, आम्ही अकरा वर्षं एकत्र होतो. त्या सदलग्याच्या, शेतकरी घरातल्या. फॉरेन्सिक नर्सिंग, म्हणजे जखमीची शुश्रूषा करताना पुरावाही जपणं, हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकलेला नव्हता. मग हे सगळं शिकलात कुठं, असं मी एकदा विचारलं.

"चुकून शिकले," त्या म्हणाल्या. "नवीन हुते. भोसकलेल्या माणसाचे कपडे धुऊन, घडी घालून त्याच्या आईला दिलते. रक्ताचे कपडे त्या माउलीच्या हातात कसे द्यायचे, ही आपली माया. कोर्टात वकिलानं विचारलं, कपडे कुठं हाईत? आरोपी माझ्याकडं बघून हसत बाहेर गेला."

आता फॉरेन्सिक नर्सिंग हा विषय नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आला आहे. मी बेळगावच्या एका कॉलेजात तो शिकवते. निवृत्त झालेल्या इंदाक्कांना एकदा मुलींशी बोलायला बोलावलं, तर पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, यात स्कोप किती आहे?"

"स्कोप लई हाय. पोस्ट न्हाय," इंदाक्का म्हणाल्या. वर्ग हसला, त्या हसल्या नाहीत. "पोलीस केस येती त्या प्रत्येक दवाखान्यात हे काम हाय, आणि कुणीतरी ते वाईट करतंयच. तुम्ही चांगलं करून दाखवा, मग भांडून पद मागा. आणि साक्षीला गेलं की रजा कापतात, त्यावरबी भांडा."

मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. वाईट करणाऱ्यांत एके काळी मीही होते, हे त्यांनी मुलींना सांगितलं नाही. म्हणून मीच सांगते.

एका दुपारी सत्तरीच्या एका आजींना त्यांच्या लेकीनं आणलं. कपाळावर खोक, आणि दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला बोटं उमटल्यासारखे काळेनिळे डाग. लेक आत शिरतानाच ओरडत होती, "भावजयीनं मारलं माझ्या आईला! आता तिला खडी फोडायला धाडते!" सून फाटकाशी उभी होती, लेकीनं तिला पायरीसुद्धा चढू दिली नव्हती. ती एका शाळेत कंत्राटी शिक्षिका होती. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी त्याच आठवड्यात गेली असती, आणि दोन लहान मुलं घरी.

मी आजींना विचारलं, "सुनेनं मारलं का?" आजींनी मान हलवली. "व्हय." मी कागदावर लिहिलं, सुनेने मारहाण केली. आठ वर्षांची नोकरी झाली होती माझी. हात जरासुद्धा अडखळला नाही.

इंदाक्कांनी तो कागद वाचला आणि लेकीला म्हणाल्या, "ताई, काउंटरवर जाऊन आईचा केसपेपर काढून आणा. नाव, वय, पत्ता नीट सांगा." लेक गेली. मग स्टूल ओढून त्या आजींच्या कानाशी बसल्या.

"आज्जी, आज काय झालं ते सांगा मला."

"न्हाणीत पाय घसरला की! सूनबाईनं काखेत हात घालून उचललं. मी लई जड हाय. दोनदा सटकले तिच्या हातातनं."

"मग मघाशी व्हय म्हणालासा?"

"लेक हुती की हितं. तिच्यापुढं कोण बोलणार? तिचा बापबी बोलत नव्हता."

इंदाक्का मोजपट्टी घेऊन डाग मोजू लागल्या. लुगड्याच्या मागच्या अंगाला हिरवट शेवाळ लागलं होतं, त्याचीही त्यांनी नोंद केली. फाटकापाशी जाऊन सुनेला विचारलं, तेव्हा कळलं की आजींना रक्त पातळ करायची गोळी चालू होती. जरा घट्ट धरलं तरी डाग पडायचे. गोळीचं नाव लेकीला माहीत नव्हतं, सुनेला वेळेसकट पाठ होतं. आजींचे शब्द त्यांनी आजींच्याच बोलीत उतरवले, खाली इंग्रजीत अर्थ दिला, आणि त्या वेळी खोलीत कोण होतं तेही लिहिलं.

मी व्हाइटनर शोधायला लागले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"वैजू, पांढरं लावलंस की तू चोर ठरशील, आणि ती सूनबी. एकच रेघ मार. खालचं वाचता आलं पायजे. वेळ घाल, सही कर, का खोडलंस ते लिव."

"माझी चूक सगळ्यांना दिसेल, अक्का."

"दिसू दे. चुकीनं नोकरी जात न्हाय. लपवलेल्या चुकीनं जाती."

लेकीनं तक्रार दिलीच. चार दिवसांनी चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं आधी तीच ओळ दाखवली. कन्नडमध्ये विचारलं, हे का खोडलं? घरच्यांनी दबाव आणला? मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये खरं ते सांगितलं: प्रश्न चुकीचा विचारला, लेकीसमोर विचारला. तो वाचत राहिला. आजींच्या लुगड्याची सील केलेली पिशवी सही करून घेतली, आजींचा जबाब त्यांच्या घरी जाऊन वेगळा घेतला. काही आठवड्यांनी तक्रारीत तथ्य नाही म्हणून प्रकरण मिटलं. ते कळल्यावर मी कितीतरी दिवसांनी रात्रभर सलग झोपले.

सून पेढे घेऊन आली. इंदाक्कांच्या पायाशी वाकणार, तोच त्यांनी तिला धरलं.

"पाया पडू नको बाई. तुझ्या हातनं झालं असतं, तर तेबी असंच लिवलं असतं मी."

मला वाटलं, आता हिला लागणार. पण ती मोकळी हसली.

"तुम्ही कुणाची बाजू धरून लिवत न्हाईसा, ते पोलिसांनी वळखलं, अक्का. म्हणून तर सुटले," ती म्हणाली आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला.