झोपेतला मार आणि जागेपणीचा

धुळ्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी, मला आधी खोलीत चालून दाखवायला सांगितलं. डावा हात हलत होता, उजवा अंगाला चिकटून राहिला होता. मग कागदावर स्वतःचं नाव पाच वेळा लिहायला लावलं. पाचवं नाव मुंगीएवढं झालं. हात मांडीवर ठेवला की अंगठा बोटावर तंबाखू मळावी तसा आपोआप फिरायचा.

"पार्किन्सन्स आहे," ते म्हणाले. "मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतंय. हालचालीला तेच लागतं. आजार बरा होत नाही, पण आटोक्यात राहतो."

मग त्यांनी माझ्या बायकोला, सुमनला विचारलं, "हे झोपेत ओरडतात का? हातपाय मारतात?"

सुमन पारोळ्याची. चाळीस वर्षं यावलकडे काढली, पण तोंडात अजून माहेरचीच बोली. "नही साहेब," ती म्हणाली. "त्या शांत झोपतस."

हे सांगताना तिच्या मनगटाला प्लास्टर होतं. केळीच्या बागेत पाय घसरला, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. आम्ही धुळ्यातच, देवपूरला, मुलाकडे उतरलो होतो. सून वैशाली मागेच उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, आता तरी लपवू नका. परवाच्या आरडाओरड्याने आम्ही दोघं उठून आलो होतो."

मग मला बोलावं लागलं. स्वप्न बहुतेक एकच असायचं. बागेत रानडुकरं शिरलीत, घड लागलेली झाडं आडवी करताहेत, आणि मी काठी घेऊन त्यांच्यात. डुक्कर अंगावर येतं, मी हाणतो. तोंडावर, बरगडीवर, सापडेल तिथे. डोळे उघडतात तेव्हा डुकराच्या जागी सुमन असते. एकदा तिचा ओठ फाटला. एकदा माझ्या मुठीत तिचे केस राहिले. एकदा गळा माझ्या हातात होता आणि ती माझं नाव घेऊन ओरडत होती. लग्नानंतर तिने माझं नाव तेवढंच एकदा घेतलं. मनगट त्यानंतर मोडलं.

डॉक्टरांनी समजावलं. याला रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात. रेम म्हणजे स्वप्नांची झोप. त्या वेळी मेंदू शरीर सैल सोडतो, म्हणून माणूस स्वप्नात धावला तरी अंथरुणातच राहतो. आमच्यासारख्यांचं शरीर सैल पडत नाही. स्वप्नातला मार खराच बसतो. हा त्रास हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतो. घरच्यांनी सांगितलं असतं तर लवकर कळलं असतं. शेवटी ते सुमनला म्हणाले, "ताई, यांनी तुम्हाला मारलं नाही. आजाराने मारलं."

सुमन पिशवी उचलून दाराकडे निघाली. मी मात्र ते वाक्य जपून घरी आणलं.

ज्यांना हा आजार झाला आहे त्यांच्यासाठी माझी एक चूक लिहून ठेवतो. डोपामिनची उणीव भरून काढणारी लेवोडोपाची गोळी मी सकाळी कळण्याच्या भाकरीबरोबर घ्यायचो. कळणं म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. वर ग्लासभर दूध. दोन महिने कंप कमी झाला नाही. मी डॉक्टरांना मनातून शिव्या घातल्या. पुढच्या खेपेला त्यांनी खाणं विचारलं आणि कपाळाला हात लावला. उडीद आणि दुधातली प्रथिनं गोळीला आत शिरू देत नव्हती. आता ती जेवणाच्या बरीच आधी, पाण्याबरोबर घेतो. अर्ध्या-पाऊण तासात हात शांत होतो. राग आला, घाई झाली की कंप पुन्हा सुटतो.

झोपेसाठी क्लोनाझेपामची लहान गोळी दिली. पलंग काढून जमिनीवर गादी टाकली. काठी, विळा खोलीबाहेर गेले. मारामारी आठवड्यातून चारदा व्हायची, ती महिन्यातून एकदावर आली.

इथपर्यंत सगळं सांगण्यासारखं आहे. पुढचं सांगायचं नव्हतं.

मुलाने डॉक्टरांचं वाक्य नात्यागोत्यात पोचवलं. आबांचा दोष नव्हता, आईला जुना-नवा जो मार बसला तो बठ्ठा, म्हणजे सगळा, आजाराचा. सुमनचा भाऊ, नाना, तिच्या अंगावरचे वळ पाहिल्यापासून अठरा वर्षं आमच्या घराची पायरी चढला नव्हता. तो पारोळ्याहून आला, माझ्यापुढे हात जोडले. "भाऊजी, आम्ही तुम्हाला राक्षस समजलो. चूक झाली," म्हणाला. मी मान हलवली आणि त्याच्याबरोबर चहा प्यायलो. सुमन कप ठेवून आत गेली. त्यानंतर चार दिवस तिने माझ्याशी शब्द काढला नाही.

कारण अठरा वर्षांपूर्वी मी झोपेत नव्हतो. बागेवर रोग आला होता, उभी झाडं मी उपटून फेकत होतो. सुमन भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, दोन घास खा, मग उपटा. मी ठिबकची नळी उचलली. भर दुपारी, मजुरांसमोर, ती खाली पडेपर्यंत आणि पडल्यावरही मारलं. तिच्या पाठीवर अजून वळ आहेत. ते पहिलंही नव्हतं आणि शेवटचंही नव्हतं. हात तेव्हा मुळीच थरथरत नव्हता.

पाचव्या दिवशी मी नानाला पुन्हा बोलावलं. मुलगा आणि सूनही आले. मी सांगितलं की झोपेतला मार आजाराचा, जागेपणीचा माझा. मुलगा म्हणाला, "आबा, आता कशाला ते?" नाना उठला आणि त्याने माझ्या तोंडात मारली. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा सुमन मधे आली.

"राहू दे, नाना," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "माले बठ्ठं याद शे. तुम्हले इतलं सांगाले अठरा वरीस लागनात."

तिने माफ केलं, असं मी लिहिणार नाही. तसं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्या बायकांना हात जोडून सांगतो, डॉक्टरांनी विचारलं की लपवू नका. आणि माझ्यासारख्या पुरुषांना सांगतो, आजाराच्या वाट्याला आजाराचं तेवढंच द्या.

सुमन आता शेजारच्या खोलीत झोपते. वेगळं झोपायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. दाराला आतून कडी मात्र तिने स्वतः सुतार बोलावून बसवून घेतली. रोज नऊच्या सुमाराला ती कडी लागल्याचं ऐकू येतं. मग मी गोळी घेतो. एवढी निवांत झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.