सूर्यास्तानंतरचं वरण

अकरा किलो वजन उतरवलं म्हणून आमच्या जैन मंदिरातल्या बायकांनी खण-नारळ देऊन माझा सत्कार केला होता. त्या बायकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पुण्य मिळावं म्हणून मी वजन उतरवत नव्हते. दुसऱ्या सिझरच्या जागी माझ्या पोटाची भिंत फाटली होती. उभी राहिले की बेंबीखाली मुठीएवढा फुगवटा यायचा आणि तो हातानं आत दाबत मी ऑफिसला जायला तासगावची बस पकडायचे. सांगलीतल्या सर्जनबाईंनी स्पष्टच सांगितलं, "वजन उतरल्याशिवाय मी ऑपरेशन करणार नाही. या पोटावर टाके धरणार नाहीत. पण फार वेळही काढू नका, त्यात आतडं अडकलं तर जिवावर बेतेल." त्या दिवसापासून शिंक आली तरी मला धडकी भरायची.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "त्याला डाक्टर कशाला पायजे? एकाशन धर की. आपुआप उतरतंय."

एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. चातुर्मास नुकताच लागला होता. मला वाटलं, बरंच झालं, धर्मही होईल आणि कामही. दुपारी ऑफिसात डबा उघडायचा: दोन चपात्या, दोडक्याची भाजी, थोडी आमटी. आमच्या घरच्या आमटीत डाळ असते असं म्हणणं हा डाळीचा अपमान आहे. मूठभर तूरडाळ सहा माणसांना पुरवायची, ही सासूबाईंची जन्मभराची कला. तेवढ्यावर मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ ढकलायचे.

वजन भराभर उतरलं. ब्लाऊज ढगळ झाले, गालफडं बसली. केसांचे पुंजके कंगव्यात यायचे. जिना चढताना कठडा धरावा लागायचा. पण देवळात बायका माझे हात हातात घेऊन म्हणायच्या, "लय मोठं तप केलंस बाई. तोंडावर तेज आलंय बघ." ते तेज नव्हतं, अशक्तपणा होता. त्यांना तो कळला नाही म्हणून मी त्यांना दोष देते, पण मलाही तो कळला नव्हता. खरं सांगायचं तर मला ते कौतुक फार आवडत होतं. लग्नानंतरच्या वीस वर्षांत त्या घरात माझं कुणी कौतुक केलं नव्हतं. चातुर्मास संपल्यावर खण-नारळ घेताना मी चक्क लाजले होते.

आठवड्याभरानं मी ऐटीत सर्जनबाईंकडे गेले. त्यांनी वजन पाहिलं, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "हात छातीशी धरा आणि या खुर्चीवरून पाच वेळा उठून दाखवा." तिसऱ्या वेळी मी परत खुर्चीत बसले ती उठलेच नाही.

"चरबी थोडी गेली, पण अंगातलं मांसही गेलंय," त्या म्हणाल्या. "रक्तात प्रोटीन नाही. आज कापलं तर जखम भरणार नाही. तारीख देत नाही मी. अंडी खाता?"

"नाही."

"मग डाळी, दूध, पनीर, सोयाबीन. तिन्ही वेळा. एका जेवणात दिवसभराचं बसत नाही. भात-पोळी कमी करा, तेल कमी करा, पण हे सोडू नका. वजनही उतरलं पाहिजे आणि ताकदही राहिली पाहिजे."

बाहेर येऊन मी रिक्षात बसले आणि रडले. चार महिने उपाशी राहून मी ऑपरेशन जवळ आणलं नव्हतं, लांब ढकललं होतं.

तिन्ही वेळा खायचं कधी? सकाळी आठला घर सोडायचं, ते परत यायला सात वाजायचे. दिवाळीनंतर सूर्य सहाला बुडतो. सूर्य बुडाला की आमच्याकडे गॅस बंद, ओटा पुसलेला, सासूबाई जपाला बसलेल्या. डाळ खाल्ली तर त्याबरोबर कच्चं दही चालत नाही, हाही नियम होताच. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मग रविवारी खा की. रविवारी तू घरीच असतीस."

आठवड्यातून एकदा खाऊन पोटाची भिंत जुळते असं या माणसाला वाटत होतं. आणि हाच माणूस बेदाण्याचे सौदे झाले की तासगावात व्यापाऱ्यांबरोबर रात्री आठला गरम भजी खाऊन यायचा. त्याच्या तोंडाला तेलाचा वास यायचा आणि सासूबाई त्याला विचारायच्या, "दमलास रं?" फलटणला माझ्या माहेरीही सगळं पाळायचे, पण कारखान्यातून वडिलांना उशीर झाला की आई त्यांना निमूट ताट वाढायची. त्यानं आमचं घर काही बुडालं नाही.

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातला दिवा लावला. कुकरला मुगाची डाळ लावली, चमचा उभा राहील इतकी घट्ट. कढईत पनीर परतलं. टेबलाशी बसून एकटीनं जेवले.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "चाळीस वर्सं या घरात दिवेलागणीनंतर कुनी खाल्लं न्हाई. पोटासाठी धर्म मोडलास व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. "पोटासाठीच. फाटलंय ते."

दुसऱ्या दिवशी माझं ताट, वाटी आणि कढई ओट्याखालच्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलेली होती, वेगळी. ती काढायला मला वाकावं लागावं, हे त्यांनी मुद्दाम केलं होतं की चुकून, मला माहीत नाही. मी मुद्दामच धरते. रोज संध्याकाळी पोटाला हात लावून मी वाकायचे आणि भांडी काढायचे. सकाळी दूध आणि मुगाची धिरडी, दुपारी डब्यात सोयाबीनच्या वड्यांची भाजी, संध्याकाळी वरण. चपाती एकच. देवळातल्या बायकांनी माझे हात धरणं बंद केलं. "एवढं तप केलं आनि घालवलं," असं एकजण माझ्या पाठीमागे म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

वजन पूर्वीसारखं झरझर उतरलं नाही, पण उतरत राहिलं. तीन महिन्यांत सहा किलो. खुर्चीवरून मी दहा वेळा उठले तेव्हा सर्जनबाईंनी डायरी उघडून तारीख दिली.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी पट्टी बदलताना त्यांनी जखम पाहिली आणि म्हणाल्या, "छान धरलीय. फक्त खोकायचं नाही, हसायचं नाही, ओरडायचं नाही."

त्या दुपारी सासूबाई आल्या, देवळातल्या चौघीजणींना घेऊन. माझ्या उशाशी बसून त्यांनी माझ्या कपाळावरून हात फिरवला, असा पहिल्यांदाच. डोळ्यांत पाणी आणून त्या बायकांना म्हणाल्या, "एकाशनं केलीवती ना तिनं चार महिनं. त्या पुण्याईनं निभावलं बघा." चौघींनी हात जोडले.

मला वाटलं, गप्प बसावं. मोठ्यानं बोलायची परवानगीही नव्हती. मग मी शेजारची उशी ओढली, पोटावर दोन्ही हातांनी गच्च दाबून धरली आणि वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "न्हाई आई. मी रात्री जेवले म्हणून."