नावापुरती मॅनेजर

माझे मिस्टर नेपाळचे. मिसरूड फुटायच्या आत भारतात आले आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतून मोठे झाले. फर्दापूरच्या एका हॉटेलात ते भटारखान्यात होते आणि मी काउंटरवर पावत्या फाडायला. बारावी झालेली, मेंढपाळाची पोर. आमची मेंढरं तिथल्याच डोंगराच्या अंगानं चरायची. आम्ही लग्न केलं तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले की आता इकडं तोंड करू नको. आम्ही शहरात आलो.

गारखेड्यातल्या एका परमिट रूममध्ये ह्यांना काम मिळालं. पुढचं रेस्टॉरंट, मागचा बार, वर आम्हाला राहायला दोन खोल्या. शेठचे दुसरे धंदे होते, ते आठवड्यातून एकदा यायचे. हळूहळू सगळा कारभार ह्यांच्याच हातात आला. पण कागदावर मॅनेजर होते एक वयस्कर गृहस्थ. अशा ठिकाणी मालकाच्या वतीनं कारभार जो बघणार, त्याच्या नावाचा नोकरनामा सरकारकडून घ्यावा लागतो. तो त्यांच्या नावावर होता. गुडघे गेले तसे ते गावी निघून गेले.

शेठनी साहजिकच ह्यांचं नाव सुचवलं. दारूबंदी खात्याच्या ऑफिसातल्या क्लार्कनं कागद चाळले आणि विचारलं की भारतीय नागरिक आहात का. ह्यांनी आधार कार्ड पुढं केलं. क्लार्क म्हणाले, आधार म्हणजे राहण्याचा पुरावा, नागरिकत्वाचा नव्हे; नोकरनाम्याला भारतीय माणूस लागतो. काही रागानं नाही, समजावूनच सांगितलं.

संध्याकाळी शेठ वर आले. चहा घेतला. म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव टाकू. नावापुरतं. तुम्हाला खाली यायचीसुद्धा गरज नाही."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते कपाकडं बघत होते. नाही म्हटलं असतं तर दुसरा मॅनेजर आला असता, आणि दुसरा मॅनेजर आला की ह्या खोल्या त्याच्या. मी फोटो काढून आणला.

थोड्याच दिवसांनी तपासणी आली. मी तेव्हा लेकीच्या शाळेत पालकसभेला. अधिकाऱ्यांनी विचारलं, ज्यांचं नाव आहे त्या बाई कुठं आहेत? ह्यांनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण जाताना अधिकारी बजावून गेले की नाव ज्यांचं त्यांनी हजर पाहिजे, पुढच्या वेळी ऐकणार नाही. दुसऱ्या दिवसापासून मी खाली बसायला लागले.

काउंटरच्या आतल्या कोपऱ्यात, फ्रीजच्या शेजारी माझी जागा. खिडकी नाही. फिनेलचा वास आणि त्यावर शिळ्या बिअरचा. टीव्हीवर आवाज बंद केलेली मॅच. गिऱ्हाइकं मला बघून आवाज खाली करायची, नाहीतर मुद्दाम वर करायची. पहिल्या आठवड्यात लेकीच्या शाळेतले एक सर दारातून आत आले, मला बघितलं आणि तसेच मागं फिरले. त्यांनी कुणाला काय सांगितलं मला माहीत नाही. पण पाण्याच्या टँकरपाशी शेजारणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

आणि मला काम तर काहीच नव्हतं. काम हे करायचे. माल उतरवून घ्यायचे, भांडणं मिटवायचे, पोरांना सुट्ट्या द्यायचे. मग वही माझ्यापुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "इथं सही." पहिल्यांदा हसून म्हणाले होते. नंतर नुसतं बोट दाखवायला लागले. मी उठले तर कोपरा मोकळा दिसेल, म्हणून मी पाणीसुद्धा बेतानं प्यायचे.

एका दुपारी दारात गडबड ऐकू आली. वेटर कुणाला तरी अडवत होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. आबा होते. इतक्या वर्षांनी.

मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं. ते नुसतं पाणी प्याले. भावाचं लग्न ठरलं होतं, आईनं त्यांना धाडलं होतं. मग त्यांनी बाटल्यांच्या फळ्या वरपासून खालपर्यंत बघितल्या.

"तू कशापायी बसती हितं?"

"ह्यांचं नाव चालत नाय, आबा. ते हितले नायत म्हणून."

"आपण तरी कुठं एका जागी ऱ्हायलो," आबा म्हणाले. "मेंढरामागं मुलुख पालथा घातला. आपल्याला कुणी इचारलं नाय." मग उठले. "लग्नाला ये. त्यालाबी घेऊन ये."

लग्नाला जायला सुट्टी मागायला मी शेठना फोन केला. ते म्हणाले, सीझन आहे, तपासण्या वाढल्यात, एवढ्यात दुसरं नाव चढत नाही; आणि बार बंद ठेवायचा विषय नको. भावाची हळद मी त्या कोपऱ्यात बसून फोनवर बघितली. आवाज बंद करून, कारण गिऱ्हाइकं होती. आई सारखी दाराकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरताना मी ह्यांना म्हणाले की नागरिकत्वासाठी अर्ज करा. ते एवढ्या वर्षांत कधी चिडले नव्हते, तेव्हा चिडले. म्हणाले, इकडचं घेतलं की तिकडचं सुटतं. डोंगरावरचं घर, तुकडाभर शेत, काही माझं राहणार नाही. "आईला काय सांगू? तुझा पोरगा परदेशी झाला?"

"मीबी कुणाची तरी लेक हाय," मी म्हणाले.

चार-पाच दिवस आम्ही सहीपुरतंच बोललो. मग एका दुपारी ह्यांनी मागच्या जिन्यात बसून आईला फोन लावला. नेपाळी मला थोडी थोडी कळते. म्हातारीनं एकच विचारलं, दसऱ्याला घरी येता येईल ना? हे येईल म्हणाले. मग ती म्हणाली, रडतोस कशाला?

अर्ज गेला. पुष्कळ दिवसांनी चौकशीला एक हवालदार आले. त्यांना बायकोचा जबाब हवा होता आणि मला जागा सोडता येत नव्हती, म्हणून वर्दीतच ते आत आले. अर्धी टेबलं पटापट रिकामी झाली. माझ्यासमोर बसून त्यांनी लग्न कुठं झालं, मुलं किती, असं सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, "नवऱ्याला इथलं नागरिकत्व मिळावं अशी तुमची इच्छा आहे का?"

हे काउंटरपाशी ग्लास पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"व्हय," मी म्हणाले.

हवालदारांनी लिहून घेतलं. पुढं ते कागद वर गेले. अजून उत्तर नाही. विचारायला गेलं की प्रोसेसमध्ये आहे म्हणतात. ह्यांनी आता विचारायला जाणंही कमी केलंय, आणि त्यांना त्यात बरं वाटतं का वाईट, हे मी विचारत नाही. सकाळी शटर उघडलं की हे आधी आत जातात, लाइट लावतात, आणि मी त्यांच्या मागून जाऊन बसते.