आवाजाचं बटण

बाबांच्या बायपासनंतर त्यांना घरी आणायचा दिवस ठरला आणि मला गाडीतल्या रेडिओची धास्ती वाटायला लागली. त्याचं आवाजाचं गोल बटण बिघडलं होतं. आवाज कमी करायला फिरवावं, तर तो एकदम भडकायचा. गाडीला किल्ली लावली की रेडिओ आपला आपण सुरू व्हायचा. आणि नर्सनं तर बजावलं होतं, "त्यांना दचकू देऊ नका. छातीचं हाड अजून जुळायचंय."

पुण्याहून भाऊ फोनवर म्हणाला, "फ्यूज काढून टाक ना ताई. विषय संपला."

त्याचं चूक नव्हतं. पण आदल्या दिवशी उशीला टेकून बसल्यावर बाबांनी रेडिओचीच चौकशी केली होती. "चालू हाय ना गं? इथं लई कंटाळलो. जाताना बातम्या ऐकू." मी हो म्हणून बसले होते.

सकाळी मुकुंदवाडीतून निघाले ती आधी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारानं बटण जरासं फिरवलं आणि कानठळ्या बसल्या तसा हात मागं घेतला. "मॅडम, ये सेट गया. टचस्क्रीन डालो. कल शाम तक लगाके देता." मला उद्या चालणार नव्हतं. शेजारून बटणाच्या आतली घाण काढायचा स्प्रे घेतला, दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली गाडी लावली आणि दारं उघडी टाकून बसले.

तेवढ्यात वॉर्डातून आईचा फोन. "डॉक्टर यायचेत अजून. तू खालीच थांब, एकालाच राहू देतायत."

थांबायचं म्हणजे करायचं काय? मी बटण ओढलं. निघेना. नख तुटलं. मोबाइलवर बघितलं होतं तसा जाड दोऱ्याचा फास बटणामागं अडकवला आणि दोन्ही टोकं धरून हिसका दिला. बटण टुणकन उडून सीटखाली गेलं. मागं उरली एक बारीक लोखंडी दांडी.

पुन्हा फोन. "परत ईसीजी काढतायत गं."

"का? काय झालं?"

"कोणी सांगंना." फोन कट झाला.

मी लावला, तो व्यस्त. परत व्यस्त. वॉर्डाच्या दारापर्यंत पळत गेले, तर वॉचमननं पास मागितला. पास आईकडं. परत गाडीत आले. हात नुसते राहीनात. दांडीच्या फटीत स्प्रे मारला, जरा जास्तच, ओघळ गिअरपर्यंत आला. दांडी डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली, बोटं लाल होईस्तोवर. आतून खरखर लागत होती. हळूहळू ती कमी होत गेली, की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे. वासानं डोकं दुखायला लागलं.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. "आधीची पट्टी नीट आली नव्हती म्हणं. सगळं ठीक हाय. गाडी दाराशी आण."

मी सीटखाली हात घालून बटण शोधलं, दांडीवर दाबून बसवलं आणि किल्ली फिरवली. आवाज बारीक. वाढवला, वाढला. कमी केला, झाला. एकदा मधेच उसळला, मग नाही.

बाबा मागच्या सीटवर बसले, छातीशी उशी कवटाळून. शेजारी आई. बातम्या लागल्या होत्या. माझा एक हात सारखा बटणाकडं जात होता.

"दोन्ही हातांनी चालव," बाबा मागून म्हणाले.

"आवाज ठीक आहे ना?"

"व्हय. तू समोर बघ."

सेव्हन हिलच्या सिग्नलला आरशात पाहिलं, तर त्यांचे डोळे मिटलेले. आई खिडकीबाहेर बघत होती. मी मान वळवली आणि उशी वर-खाली होतेय का ते बघत राहिले. नीट कळेना. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला.

"हिरवा झालाय," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

मी गिअर टाकला. गाडी बंद पडली.