खाटेखालच्या विटा

बुवापाड्याच्या त्या गल्लीत शंकरराव रोकड्यांना विचारल्याशिवाय कुणी भिंतीत खिळा ठोकत नसे, असं म्हटलं असतं तर ते स्वतःच उसळले असते, "खोटं! तो चंदू ठोकतो. मला न विचारता ठोकतो आणि वर वाकडा ठोकतो!" असा हा माणूस. अंबरनाथच्या कारखान्यात लेथ मशीनवर उभं आयुष्य काढलं, निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. घरात मीठ मागितलं तरी शेजारच्यांना वाटायचं, आज जुंपली वाटतं.

त्यांच्या अभिमानाच्या गोष्टी दोन. एक, गल्लीच्या टोकाचं बुद्धविहार, त्याच्या पायासाठी त्यांनी स्वतः दगड वाहिले होते. आणि दुसरी म्हणजे गल्लीतलं काँक्रीट. आता काँक्रीटचा कसला आलाय अभिमान, असं तुम्हाला वाटेल. पण शंकररावांच्या तरुणपणी त्या गल्लीत पावसाळ्यात पोटरीभर चिखल असायचा. बुवापाड्याची माणसं बूट पिशवीत घालून अनवाणी निघायची, कारखान्याच्या गेटपाशी नळावर पाय धुवायची आणि मग बूट चढवायची. त्यांना नळावर बघितलं की बाकीचे हसायचे. "आला बुवापाड्याचा चिखल!" हे वाक्य शंकररावांच्या काळजात रुतून बसलं होतं. म्हणून त्यांनी अर्ज केले, मोर्चे नेले, साहेबांच्या दारात तासन्‌तास उभे राहिले आणि गल्ली काँक्रीटची करून घेतली. ज्या दिवशी ते वाळलं, त्या दिवशी घरातूनच बूट घालून, टकटक आवाज करत ते कामावर गेले. भागीरथीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. नवऱ्याची मान एवढी ताठ त्यांनी लग्नातही बघितली नव्हती.

इथवर सगळं छान. पण एकदा काँक्रीटची चव लागली की माणूस थांबत नाही. जरा भेग पडली, घाला वर थर. निवडणूक आली, घाला वर थर. गल्ली वर वर चढत गेली आणि घरं जिथल्या तिथे राहिली. मग पावसाचं पाणी घरात शिरायला लागलं. त्यावर गल्लीने उपाय काय काढला? उंबरठे वाढवले! आधी चंदूने वाढवला. मग त्याच्या शेजारच्याने चंदूपेक्षा बोटभर उंच केला, मग त्याच्या शेजारच्याने. एखाद्याच्या घरी टीव्ही आला की पुढच्या महिन्यात शेजारी त्याहून मोठा येतो, तशी ती चढाओढ. आता नव्या पाहुण्याला त्या गल्लीत कुणाच्याही घरी जाताना आधी दारात चढून मग घरात उतरावं लागायचं. आणि सगळ्यांनी आपापल्या दारावरून हाकललेलं पाणी जायचं कुठे? उताराला. उताराला शेवटचं घर कुणाचं? शंकररावांचं.

त्यांनीही उंबरठा वाढवला, पण त्यांच्याकडे पाणी दारातून कमी आणि जमिनीतून, भिंतीच्या कडेकडेने जास्त यायचं. भागीरथीबाईंचे गुडघे तोवर पार गेले होते. धरून धरून चालायच्या. पाणी आलं की त्यांच्या लोखंडी खाटेच्या चारी पायांखाली एकेक वीट सरकवायची, हा घरातला शिरस्ता झाला. मग एका विटेवर दुसरी चढली. पावसाळा संपला तरी विटा काढायचं कुणाच्या मनात येईना, कारण पुढचा पावसाळा होताच. आणि खाट इतकी उंच झाली की बाईंचे पाय जमिनीला पुरेनात. मोरीत जायचं तरी कुणीतरी खांद्याला धरून उतरवायचं. बाई नुसत्या खाटेवर बसून पाय हलवत राहायच्या.

दोन हजार पाचच्या जुलैत जो पूर आला, त्यात तर सगळ्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याचं कंबरडं मोडलं. बदलापूरला नदीकाठी माणसं माळ्यावर चढून बसली होती, तिथे बुवापाड्याची काय कथा. पाणी ओसरल्यावर शंकररावांनी काय केलं असेल? सरळ अर्ज. गल्लीवर आणखी एक थर हवा!

तेव्हा त्यांची धाकटी लेक माया पहिल्यांदा आडवी आली. माया उल्हासनगरला एका सिंधी बिल्डरच्या ऑफिसात नकाशे काढायची. मुलगी बापावर गेलेली, फक्त आवाज हळू.

"बाबा, थर नको. आहे तोच मधून फोडूया. मध्ये लांब चर खणायचा, खडीने भरायचा, वर जाळीचे ब्लॉक टाकायचे. पाणी गल्लीतच जमिनीत जिरेल. आमच्या बिल्डर साईंनी एका साइटवर केलंय तसं. पन्हळीखाली पिंपं ठेवू आणि उरलेलं पाणी विहाराच्या अंगणात खोलगट करून तिकडे सोडू. तिथे पाणी पिणारी झाडं लावू."

त्यावर शंकररावांचा जो फटाका फुटला तो चंदूच्या घरापर्यंत ऐकू गेला.

"फोडायचं? मी घातलेलं काँक्रीट फोडायचं? अगं, चिखलातून वर यायला आमचा जन्म गेला आणि तू मला परत मातीत घालतेस? पुन्हा बूट पिशवीत घालू का?"

थर पडला. शंकरराव छाती काढून त्यावरून चालले. आणि पुढच्याच पावसाळ्यात एका दुपारी पाणी त्यांच्या घरात असं शिरलं की विटा बुडाल्या आणि खाटेच्या नवारीला खालून ओल लागली. शंकरराव बादलीने पाणी उपसत होते. उपसून बाहेर फेकायचे आणि ते वळून परत आत यायचं, कारण बाहेर उंच आणि आत खोल. त्यांना तेही दिसत नव्हतं, नुसते फेकत होते. भागीरथीबाई खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा थांबा."

"थांबू काय? दिसत नाही का?"

"दिसतंय. म्हणून तर म्हणते थांबा. हे पाणी तुम्ही मागून आणलंय." शंकररावांचा हात बादलीवरच राहिला. बाई पुढे म्हणाल्या, "तुमचे बूट चिखलात जायला नकोत म्हणून गल्ली बांधलीत. चांगलं केलंत. मला किती आनंद झाला होता! पण माझे पाय जमिनीला लागून दोन वर्षं झाली, ते तुमच्या ध्यानात तरी आहे का?"

शंकरराव बादली ठेवून तिथेच पाण्यात खुर्चीवर बसले.

संध्याकाळी थोरला मुलगा प्रमोद आला. त्याने बदलापूरच्या सोनिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला होता, तिसऱ्या मजल्यावर. आईची अवस्था बघून त्याचे डोळे भरले. तो एवढंच म्हणाला, "बाबा, बास झालं. पुढच्या पावसाळ्यात घरात एक थेंब जरी आला ना, तर मी टेम्पो घेऊन येणार. आई माझ्याकडे येणार आणि हे घर विकायचं. मी ऐकणार नाही."

सोनिवलीचा फ्लॅट चांगला होता, सून मायाळू होती, सगळं खरं. पण तिसऱ्या मजल्यावरून विहार कसं दिसणार? "जय भीम, काका" म्हणत दारावरून कोण जाणार? आणि ज्या घराच्या विटा आपल्या हातांनी रचल्या, ते दुसऱ्याच्या हवाली करायचं? शंकररावांना जायचं नव्हतं. भागीरथीबाईंनाही जायचं नव्हतं. पण बाईंना ओल्यात ठेवायचा हक्क आपल्याला नाही, हेही त्यांना कळत होतं. रविवारी ते मायाकडे गेले आणि खाली बघत म्हणाले, "तो चराचा नकाशा काढ जरा."

आता गंमत अशी की चर नुसता शंकररावांच्या दारात खणून भागणार नव्हता. माया म्हणाली, गल्लीच्या वरच्या टोकापासून सुरू व्हायला हवा, नाहीतर सगळं पाणी खालीच येणार. आणि वरच्या टोकाला होता चंदू. टेम्पो चालवायचा, उंबरठा गल्लीत सगळ्यांत उंच आणि मोटारसायकल घरात चढवायला त्याला वर सिमेंटचा उतार. विहारात सगळ्यांना बोलावलं तेव्हा चंदू म्हणाला, "काका, माझ्या घरात पाणी येतच नाय. मी कशाला फोडू? आणि डास झाले म्हणजे?"

"डास साचलेल्या पाण्यात होतात," माया म्हणाली. "हे सकाळपर्यंत खाली उतरतं."

"ते तुझ्या कागदावर!"

माणसं कुजबुजायला लागली. शंकरराव लाल झाले होते. पण त्यांच्या आधीच बोलली सगुणाबाई, चंदूची आई. म्हातारी मूळची इथल्याच गावातली, भातशेतीत वाढलेली. विहारात कधी येत नसे, आज दाराशी चपलांजवळ बसली होती.

"चंदू, आपल्या खाचराचा पानी न सांगता दुसऱ्याच्या खाचरान सोरला त काय व्हायाचा, ठाव हाय ना तुला? कोयते निघायचे! आन तू रोज शंकरच्या घरान सोरतंस आन वर त्याला काका म्हनतंस?" आणि मग शंकररावांकडे वळून, "आन तू रं शंकर? येवरी वर्सा गप का बसलास? सगल्यांवर त वरडतंस!"

सगळं विहार हसलं. शंकररावसुद्धा हसले, जरा ओशाळूनच. चंदू मान खाली घालून म्हणाला, "बरं बाबा, फोडा. पण माझी गाडी चढली पाहिजे."

मे महिन्यात काम सुरू झालं. पहिला घाव कुणी घालायचा यावर चर्चा नव्हतीच. शंकररावांनी पहार उचलली आणि हाणली. थरावर थर निघत गेले. ते प्रत्येक थर ओळखत होते. हा पुरानंतरचा, हा विहाराच्या उद्घाटनाच्या वेळचा, हा प्रमोद दहावीला होता तेव्हाचा. सगळ्यांत खालचा पहिला थर निघाला तेव्हा त्यांनी त्याचा एक तुकडा बाजूला ठेवला. आणि त्याच्या खाली ती जुनी काळी माती होती. त्यांना वाटलं होतं, मातीला बघून संताप येईल. तसं काही झालं नाही. माती कोरडी ठणठणीत होती. शंकरराव वाकले आणि मूठभर हातात घेऊन म्हणाले, "हिला पाणीच मिळालं नाही गं इतकी वर्षं."

सगळ्या गल्लीने खडी वाहिली. मुरूम लागेपर्यंत चर खोल गेला. मोरीच्या सांडपाण्याचं गटार वेगळं ठेवलं, चरात फक्त पावसाचं पाणी. वर जाळीचे ब्लॉक बसले, त्यावरून चंदूची गाडी मजेत जायची. विहाराच्या अंगणातल्या खोलगट जागेत काय लावायचं हे मात्र भागीरथीबाईंनी खाटेवरून सांगितलं. त्यांच्या आईच्या घरी मोरीमागे अळू आणि कर्दळ असायची, पाणी पडेल तेवढं पिऊन टाकायची. "अळू माझ्या दारातही लावा," त्या म्हणाल्या. "फदफद्याला तरी होईल."

आणि मग आला तो जुलैचा दिवस. सकाळपासून आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं. शंकरराव दारात स्टूल टाकून बसले, जेवायलाही उठले नाहीत. पिंपं भरून वाहायला लागली. चरावर पाणी चढलं. ब्लॉक दिसेनासे झाले. पाणी उंबरठ्याकडे सरकू लागलं तसे शंकरराव स्टुलावरून उठले. तेवढ्यात प्रमोद आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. टेम्पो नाक्यावर उभा होता. तो बापाच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघंही पाण्याकडे बघत राहिले.

पाऊस जरा उणावला. पाणी उंबरठ्याच्या अलीकडेच अडलं. मग ब्लॉकच्या भोकांमधून बुडबुडे यायला लागले. बुडबुड, बुडबुड. एक ब्लॉक दिसला. मग दुसरा. वरच्या टोकाहून चंदू ओरडला, "काका, उतरला! उतरला ना!" शंकररावांनी वळून घरात बघितलं. भिंतीच्या कडा कोरड्या होत्या. फरशी कोरडी होती. त्यांनी वाकून हात फिरवून बघितला, खात्री पटेना म्हणून दुसराही फिरवला.

"कोरडी आहे रे," ते म्हणाले आणि त्यांचा तो मशीनच्या खडखडाटावर मात करणारा आवाज पार फुटला. "पम्या, कोरडी आहे!"

प्रमोद नाक्याकडे निघाला, टेम्पोवाल्याला परत पाठवायला. पण दारातून परत फिरला.

"अरे, आधी इकडे ये," भागीरथीबाई म्हणत होत्या. "विटा काढ माझ्या."

बापलेकांनी एकेक कोपरा उचलला आणि चारी पायांखालच्या विटा ओढून काढल्या. खाट खाली आली. भागीरथीबाईंनी साडी सावरली, कडेला सरकल्या आणि पाय खाली सोडले. दोन्ही तळवे फरशीला टेकले. त्यांनी पायाची बोटं हलवली, पुन्हा टेकवली.

"गार आहे," त्या म्हणाल्या. मग खाटेच्या दांड्याला धरून, कुणालाही हात न लावू देता, उभ्या राहिल्या.

शंकरराव पटकन पुढे झाले. "अगं, बस. काय हवंय? मी देतो."

"काही नकोय," भागीरथीबाई म्हणाल्या. "टेम्पोवाला भिजत उभा असेल, त्याला आत बोलवा. मी चहा टाकते."