मैदानावर सातही जणी होत्या

कबड्डी शिकवणं हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग होता, असं सांगितलं की लोक अजूनही दुसऱ्यांदा विचारतात. परळच्या एका गिरणीने सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या मुलींचा संघ काढला आणि त्यांना शिकवायला बाईच हवी होती. मी बावीस वर्षांची, गिरगावातली, शाळेत बऱ्यापैकी खेळलेली. त्यांनी मला पगारावर ठेवून घेतलं. वडील म्हणाले, "एकटी जाणार तिकडे?" मी हो म्हटलं खरं, पण पहिले पंधरा दिवस ट्राममधून उतरायची भीती वाटायची.

भीती होती ती मुलींचीच. पहिली पाळी सुटली की त्या काळाचौकीच्या मैदानावर यायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि जणू दिवसभर मशीनपुढे उभ्या राहिल्याच नाहीत अशा अंगावर यायच्या. डाव्या कोपऱ्यावर एक मालवणकडची मुलगी खेळायची, एकोणीस वर्षांची. तिने घोटा धरला की सुटका नाही. पहिल्याच दिवशी तिने मला चारी मुंड्या चीत केलं आणि वर विचारलं, "लागला काय ओ, बाई?" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यानंतर त्या माझं ऐकायला लागल्या.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा गोळीबाराची बातमी. सामना आठवड्यावर आला होता, म्हणून मी सराव बंद ठेवला नाही. चूक माझीच.

त्या दुपारी सहाच जणी आल्या. डाव्या कोपऱ्यावरची नव्हती.

"ती कुठे आहे?" मी विचारलं.

"मोर्चाला गेली, बाई. गेटवरूनच गेली."

मी चिडले. कोपरा रिकामा ठेवून चढाया घ्यायला लावल्या. अर्धा तास झाला असेल, लालबागच्या बाजूने लागोपाठ तीन-चार आवाज आले. कोणीतरी फटाके लावतंय असं मला वाटलं. "गोळी आहे ही," त्यांच्यातली सगळ्यात लहान म्हणाली. पाठोपाठ अश्रुधुराने डोळे चुरचुरायला लागले.

सहा मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या. डाव हातचा चालला की बघायच्या, अगदी तशाच. मला काहीच सुचत नव्हतं, पण बोलणं भाग होतं. "एकमेकींचे हात धरा," मी म्हटलं. "काही झालं तरी सोडायचे नाहीत. आणि पळायचं नाही." पळणाऱ्यावर गोळी झाडतात असं कुठेतरी ऐकलं होतं. खरं की खोटं, कोण जाणे.

मोठा रस्ता टाळून आम्ही चाळींच्या मागच्या बोळांतून निघालो. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, रस्त्यात चपला पडलेल्या. एका वळणावर बंदुकीसकट एक शिपाई उभा होता. "कुठे चाललात?" तो ओरडला. सगळ्यात लहान मुलीनेच उत्तर दिलं, "घरी, दादा." त्याच्याही कपाळावर घाम होता. त्याने नुसता हात हलवला.

एकेकीला दारात सोडत गेले. शेवटची मुलगी आणि मोर्चाला गेलेली, दोघी एकाच चाळीतल्या. मोर्चाला गेलेलीची आई गॅलरीत उभी होती.

"सगळ्यांका घेवन इलास, बाई," ती म्हणाली. "मगे माझा चेडू खंय आसा?"

मी सांगितलं, तुमची मुलगी आज मैदानावर आलीच नव्हती. आई मटकन खाली बसली. मी पण तिच्याशेजारी बसले. शोधायला जावं असं मनात येत होतं आणि उठायचं धाडस होत नव्हतं. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही.

दिवेलागणीला दोन बायका त्या मुलीला धरून घेऊन आल्या. उजवं मनगट लोंबत होतं. लाठी बसली होती.

तिसऱ्या दिवशी गिरणीच्या लेबर ऑफिसरने मला बोलावलं. सरावाच्या हजेरीचं बुक माझ्याच हातात होतं. "मोर्चात गेलेल्यांना कामावर ठेवायचं नाही, असा वरून हुकूम आहे," तो म्हणाला. "तुमच्यातल्या कोण होत्या?"

"कोणी नाही. मैदानावर सातही जणी होत्या."

"मग त्या मुलीचं मनगट?"

"पकड करताना मोडलं. मीच जास्त जोर करायला लावला."

मग त्याने ते लिहून घेतलं. बुकात त्या दिवशी सहाच नावं होती; त्याने उघडून पाहिलं असतं तर? त्याने मागितलंच नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. शिकवण्याची पद्धत धोक्याची, सेवेची गरज नाही. तिची नोकरी राहिली, माझी गेली. पुढे दादरच्या एका शाळेत लागेपर्यंत वर्ष गेलं, कारण "मुलींचे हात मोडणारी बाई" ही ख्याती माझ्याआधी पोचायची. मग वडाळ्याचा एक संघ, मग आणखी दोन. जवळजवळ तीस वर्षं शिकवलं. सामना हरल्याने माझी झोप कधी उडाली नाही. पण सरावाला एक मुलगी दहा मिनिटं उशिरा आली, तरी मी सराव थांबवून रस्त्यावर जाऊन उभी राहायचे. मुली म्हणायच्या, बाई फार कडक आहेत. कडक कसली? मी घाबरलेली असायचे.

ती मालवणकडची मुलगी पुन्हा खेळली नाही. मनगट वाकडंच जुळलं. बऱ्याच वर्षांनी ती वडाळ्याला सरावाच्या वेळी आली. बरोबर तिची मुलगी होती, बारा वर्षांची, आईसारखीच रुंद खांद्यांची.

"हिला घेता संघात?" तिने विचारलं.

मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

"घरी परत जाताना हिच्याबरोबर कोण असेल?" मी विचारलं.

"मी येईन न्यायला, बाई. रोज."

"मग उद्यापासून पाठव," मी म्हटलं.